फायरप्लेसच्या वर टीव्ही बसवावा का? (सावरगाव, गंगापूर धरण परिसर)

सावरगावकर:

नमस्कार. नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ सावरगाव परिसरात आम्ही नुकताच एक जुना बंगला घेतला असून, त्याच्या हॉलमध्ये आधीच्या मालकांनी हौसेने बांधून घेतलेली, लाकडे जाळण्याची खरीखुरी फायरप्लेस आहे. निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या दिवसांत धरणावरून येणारा वारा इथे चांगलाच झोंबतो, त्यामुळे ती बुजवून टाकण्याचा आमचा विचार नाही.

अडचण टीव्हीच्या जागेची आहे. हॉलची एक बाजू पूर्ण काचेची, दुसऱ्या बाजूला जिना आणि तिसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचे दार, म्हणजे उरली ती फायरप्लेसचीच १३ फुटी भिंत. तिच्या मध्यभागी धुराड्याचा भाग ५ फूट रुंद असून तो सव्वा फूट पुढे आला आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार फुटांचे कोनाडे आहेत. फायरप्लेसच्या माथ्यावर जमिनीपासून साडेचार फुटांवर सहा इंच रुंदीची दगडी फळी आहे. दर्शनी भागाला काळ्या दगडाच्या लाद्या लावलेल्या आहेत. त्यांच्यामागे विटा आहेत, एवढेच गवंड्याने ठोकून पाहून सांगितले. ५५ इंची टीव्ही त्या फळीच्या वर बसवावा, असे मुलांचे म्हणणे आहे. सोफा भिंतीपासून ९ फुटांवर येतो. आईंचा दिवाण मात्र ७ फुटांवर आहे आणि त्यांना मानेचा जुना त्रास आहे. उष्णतेने टीव्ही खराब होईल का, भिंत वजन पेलेल का आणि आम्ही ध्यानात न घेतलेले आणखी काही आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओळंबा:

आपण मापे दिलीत हे उत्तम झाले, कारण या प्रश्नावर मापांवाचून दिलेला सल्ला वाऱ्यावरची वरात ठरतो. उष्णतेचा मुद्दा इतर सदस्य मांडतीलच. मी उंची आणि भिंत या दोन गोष्टींपुरते लिहितो.

५५ इंची टीव्हीची उंची साधारण सव्वादोन फूट असते. फळीच्या वर अर्धा फूट मोकळी जागा सोडली तर टीव्हीची खालची कडा पाच फुटांवर आणि पडद्याचा मध्य सहा फुटांच्या किंचित वर येतो. सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात, म्हणजे ९ फुटांवरून त्याला साधारण १६ अंश वर पाहावे लागेल. पडद्याच्या मध्यापर्यंतचा हा कोन १५ अंशांच्या आत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तेव्हा सोफ्यापुरते कसेबसे निभावेल. आईंचा दिवाण मात्र जवळ आहे आणि बैठकही थोडी खाली असणार, त्यामुळे तिथून हाच कोन २२ अंशांच्या घरात जातो. मानेचा त्रास असलेल्या व्यक्तीने रोज संध्याकाळी दोन-दोन तास अशी मान वर करून बसणे मला अजिबात योग्य वाटत नाही. टीव्हीचा वरचा भाग पुढे झुकवला तर चित्र नीट दिसते, परंतु मान वर करायची ती करावीच लागते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. थंड देशांत या विषयावर चर्चा होते ती मुख्यतः उष्णतेची, कारण तिथे महिनोन्महिने लाकडे जळत असतात. नाशकात आपण फायरप्लेस पेटवणार ती फार तर थंडीचे दोन महिने, पण टीव्ही पाहणार बारा महिने, तेव्हा आपल्याकडे उंचीला उष्णतेपेक्षा अधिक महत्त्व द्यायला हवे.

आता भिंत. ५५ इंची टीव्हीचे वजन स्टँडशिवाय १५ ते १८ किलोच्या आसपास असते आणि ते पेलणे कोणत्याही धड विटांच्या भिंतीला जड नाही. खरी अडचण लाद्यांची आहे. इंचभर जाडीची लादी आणि तिच्यामागचा पाऊण इंच मसाला हा केवळ साज आहे. टीव्ही भिंतीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचा भार त्याच्यावर टाकायचा नसतो, तर अँकर फास्टनर (भिंतीत घट्ट रुतणारा लोखंडी बोल्ट) लादी आणि मसाला ओलांडून विटेत किमान अडीच इंच शिरला पाहिजे, आणि तोही विटेच्या पोटात, सांध्यात नव्हे. ब्रॅकेटसोबत मिळणारे छोटे स्क्रू आणि प्लास्टिकच्या गिट्ट्या इथे उपयोगाच्या नाहीत. दुसरे असे की धुराड्याची पुढची भिंत पुष्कळदा साडेचार इंचीच असते आणि तिच्या पलीकडे थेट धूर वाहत असतो. तिथे हॅमर ड्रिल जोरात चालवले की आतल्या बाजूने विटेचा टवका उडतो, धुराड्याच्या आतल्या अस्तराला तडा जातो आणि पुढे त्याच भेगेतून धूर हॉलमध्ये येऊ लागतो. त्यामुळे धुराड्याची भिंत किती जाडीची आहे हे समजल्याशिवाय कंपनीच्या माणसाला तिथे भोक पाडू देऊ नका. वरून बॅटरी सोडून धुराड्याच्या आतले माप घेतले आणि बाहेरच्या मापातून वजा केले, की दोन्ही बाजूंची मिळून जाडी कळते.

टेस्टर:

ओळंबा यांच्याशी सहमत आहे. उष्णतेबाबत अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजमाप करणे सोपे आहे. टीव्हीची खालची कडा जिथे येणार, तिथे भिंतीला एक साधा थर्मामीटर चिकटपट्टीने लावा, नेहमी जाळता तेवढी लाकडे घालून दोन-तीन तास फायरप्लेस पेटती ठेवा आणि आकडा पाहा. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी कमाल ४० अंश सेल्सिअस तापमान दिलेले असते आणि उष्णतेच्या स्रोताजवळ टीव्ही लावू नये असेही स्पष्ट लिहिलेले असते, त्यामुळे पुढे बिघाड झाल्यास वॉरंटीचा वाद आपल्याच अंगाशी येतो. उष्णतेने टीव्ही लगेच बंद पडतो असे नाही. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (सर्किटमधले विद्युतभार साठवणारे छोटे भाग) आधी झिजतात. त्यांच्याबाबतचा ठोकताळा असा, की तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते. ओएलईडी पडदा असेल तर त्यातील सेंद्रिय थरांनाही उष्णता मानवत नाही.

आपली दगडी फळी सहा इंचांचीच असल्याने ती वर येणारी गरम हवा पुरेशी पुढे ढकलणार नाही. ती रुंद केली तर फरक पडतो. अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून फळीच्या खाली बसणारी, गरम हवा पुढे वळवणारी पत्र्याची झडपही करून घेता येईल. मात्र काजळीचा प्रश्न त्याने सुटत नाही. लाकूड ओले असले किंवा वारा उलटा फिरला की थोडा धूर हॉलमध्ये येतोच आणि त्यातली काजळी टीव्हीच्या मागच्या जाळीतून आत जाऊन बसते.

वायरिंगचे म्हणाल, तर घरातील साध्या पीव्हीसी वायरचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असते. धुराड्याच्या भिंतीत खाच मारून वायर वर नेण्याचा मोह टाळा.

कॅम्पकर:

मी थोडे वेगळे मत नोंदवतो. देवळाली कॅम्पमधील आमच्या जुन्या बंगल्यात फायरप्लेसच्या वरच टीव्ही आहे आणि तो उत्तम चालतो. आम्ही खाली ओढता येणारा ब्रॅकेट बसवला आहे. टीव्ही पाहताना तो पुढे आणि खाली घ्यायचा, एरवी वर सरकवून ठेवायचा. हा ब्रॅकेट साध्यापेक्षा बराच महाग पडतो आणि पुढे आल्यावर त्याचा भिंतीवरचा ताण वाढतो, हे मात्र लक्षात घ्यावे. अर्थात आमच्याकडे फायरप्लेस पाहुणे आले तरच पेटते, आणि ती पेटलेली असताना टीव्ही खाली घ्यायचा नाही, हा घरातला नियम आहे. खाली घेतलेला टीव्ही थेट जाळासमोर येतो.

सावरगावकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टेस्टर यांनी सांगितल्याप्रमाणे थर्मामीटर लावून पाहिला. फळीच्या वर अर्ध्या फुटावर ४९ अंशांपर्यंत आकडा गेला, तर उजव्या कोनाड्यात त्याच वेळी २७ अंश होते. कॅम्पकर यांचा ब्रॅकेट मुलांना फार आवडला, परंतु आम्ही थंडीत जवळपास रोज लाकडे जाळणार आणि आईंची मालिका नेमकी त्याच वेळी असते, त्यामुळे तो आमच्या उपयोगाचा नाही.

आता उजव्या कोनाड्यात टीव्ही बसवायचे ठरवत आहोत. कोनाडा ४ फूट, म्हणजे १२२ सेंटिमीटर आहे आणि ५५ इंची टीव्ही चौकटीसह त्याहून किंचित रुंद भरतो, म्हणून ५० इंची घ्यावा लागेल. त्याची रुंदी ११२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. मुले थोडी हिरमुसली आहेत. पडद्याचा मध्य पावणेचार फुटांवर ठेवला आणि पुढे ओढून वळवता येणारा ब्रॅकेट घेतला, तर दिवाण आणि सोफा दोन्ही बाजूंनी नीट दिसेल, असे वाटते. सेट टॉप बॉक्स डाव्या कोनाड्यात ठेवायचा आहे. वायर नेण्यासाठी काय करावे?

टेस्टर:

कोनाड्याचा निर्णय योग्य आहे. तिथे जाळाची थेट आच पोहोचत नाही. फक्त ब्रॅकेट पुढे ओढल्यावर टीव्हीची आतली कडा फायरप्लेसच्या तोंडासमोर येत नाही ना, हे विकत घेण्यापूर्वी पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

सेट टॉप बॉक्सही उजव्याच कोनाड्यात, टीव्हीखालच्या छोट्या कप्प्यात ठेवणे सर्वांत सोपे. डावीकडेच हवा असेल, तर वायरचा पाइप धुराड्यासमोरून न नेता छतालगत किंवा जमिनीतून फेरा घालून न्या. सेट टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलसाठी ४० मिलिमीटरचा पाइप टाका, कारण २५ मिलिमीटरच्या पाइपात प्लगचे डोके वळणावर अडते. काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरा आणि आत ओढण्यासाठी एक तार सोडून ठेवा. वीज आणि एचडीएमआय एकाच पाइपातून नेऊ नका. टीव्हीसाठी ६ अँपिअरचे सॉकेट पुरेसे आहे, ते पडद्याच्या मागे येईल असे घ्या, आणि फास्टनरची भोके पाडण्याआधी त्या सॉकेटची वायर भिंतीत कोणत्या बाजूने गेली आहे, याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.