प्रति: नाच आणि लहान मुलांचा तोल
तोल काय, खेळातूनही येतो, त्यासाठी नाचाचा क्लास कशाला, असं वर म्हटलंय. अर्धं पटलं. आमची पोरगी सहा वर्षांची, नागपुरात धरमपेठेत कथ्थकला जाते. तत्कार, म्हणजे बोलांवर पाय आपटणं, दिसायला सोपा. ता थेई थेई तत: उजवा, डावा, उजवा, डावा. पण पुढचं आ थेई थेई तत डाव्यानेच सुरू होतं, म्हणजे तोच पाय लागोपाठ दोनदा. तिथेच ती महिनाभर अडली, जीभ बाहेर काढून पायांकडे बघत! हात एका पायाला उठतो, वजन दुसऱ्यावर, कान तालाच्या मात्रांकडे. लंगडीनेही तोल येतो, मान्य. पण मे महिन्यात ४५ अंशांत अंगणात लंगडी कोण घालणार बाप्पा? घुंगरू मात्र इतक्यात घेऊ नका. आधी अनवाणी पाऊल फरशीवर सपाट पडू द्या.