मदत हवी आहे: मराठी टंकताना माउसचा पॉइंटर अक्षरांतच हरवतो, विंडोज ११

ओसरी:

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरी बाबा सध्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्यांची वही संगणकावर उतरवून घेत आहेत. वही आजोबांच्या हातची. घुमटावर, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या मडक्याच्या वाद्यावर, म्हणायच्या आरत्या, कुठलं कडवं दोनदा घ्यायचं, कुठे ठेका बदलायचा याच्या खुणांसकट. दमट हवेने शाई फुटत चालली आहे आणि काही पानं आताच भिंग घेऊन वाचावी लागतात. यंदा मोठ्या टायपात छापून वाड्यावरच्या प्रत्येक घरी एक प्रत द्यायची असं त्यांनी मनावर घेतलंय. पोरं मोबाइलवर बघून आरती म्हणतात तेव्हा घुमट वाजवणाऱ्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही, हे त्यांचं दुखणं आहे आणि मला ते पटतं.

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर त्यांचा हात चांगला चालतो. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. टायपिंगचा त्रास नाही, त्रास पॉइंटरचा. स्क्रीन २४ इंची. एखादी चूक दुरुस्त करायला माउस हलवला की पॉइंटर कुठे आहे तेच त्यांना कळत नाही, मग ते कुणालातरी हाक मारतात.

शेजारच्या मुलाने मदत म्हणून घुमटाच्या चित्राचा पॉइंटर करून दिला. दिसतो सुरेख, बाबांना कौतुकही आहे. पण तीन अडचणी आहेत. एक, क्लिक केलं की चित्राखाली जे असतं ते निवडलं जात नाही, थोडं वर डावीकडचं काहीतरी उघडतं. दोन, मशीन बंद करून सुरू केलं की कधीकधी जुना पांढरा बाणच परत येतो. तीन, आणि हीच सगळ्यात मोठी: वर्डच्या पानावर गेल्यावर घुमट गायब होऊन तीच बारीक उभी रेघ येते. मराठी मजकुरात ती रेघ शोधायची कशी? काना आणि ती रेघ यांत बाबांना फरकच दिसत नाही. आरतीत तर ओळीओळीला दंड, म्हणजे ओळ संपल्याची उभी रेघ. इंग्रजी पानावर त्यांना इतका त्रास होत नाही.

नवा माउस घ्या, मोठी स्क्रीन घ्या असं कृपया सांगू नका. सेटिंगमध्ये काय करता येईल ते हवंय.

कुळागर:

ताई, तिसऱ्या अडचणीपासून सुरू करतो, कारण ती सुटली की बाकीच्या दोन निम्म्या सुटतील.

विंडोजमध्ये पॉइंटर एक नसतो, त्यांचा संच असतो. साधा बाण, मजकुरावरची उभी रेघ, लिंकवरचा हात, थांबा सांगणारं चक्र, खिडकी लहानमोठी करायचे दुहेरी बाण, प्रत्येकाची वेगळी फाइल. त्या मुलाने बहुधा फक्त पहिली, म्हणजे नॉर्मल सिलेक्ट नावाची बदलली. टेक्स्ट सिलेक्ट, म्हणजे उभ्या रेघेची, तशीच राहिली.

ती एकेक बदलत बसू नका. सेटिंग्ज उघडून ॲक्सेसिबिलिटीमध्ये माउस पॉइंटर अँड टच इथे जा. वर चार पर्याय दिसतील: पांढरा, काळा, उलट्या रंगाचा आणि आपल्या पसंतीच्या रंगाचा. चौथा घ्या. खाली आकाराची पट्टी आहे, १ पासून १५ पर्यंत. इथून निवडलेला रंग आणि आकार पूर्ण संचाला लागतो, उभ्या रेघेलासुद्धा. बाबांच्या कामात हेच महत्त्वाचं. नुसता आकार वाढवून भागणार नाही, मोठी झालेली रेघ मोठ्या टायपातल्या कान्यासारखीच दिसेल. रंगच तिला अक्षरांपासून वेगळी काढतो.

पिवळा घेऊ नका. पांढऱ्या पानावर तो फिका पडतो. गडद गुलाबी किंवा जांभळट असा घ्या, जो मजकुरात कधीच येत नाही. उलट्या रंगाचा पर्याय पुष्कळ लोक सुचवतात, पण तो पांढऱ्या कागदावर काळाच होतो, म्हणजे पुन्हा काना.

आणि बाबांना विचारा, नेमकं काय हरवतं? माउसची रेघ की लुकलुकणारी रेघ, जिथे पुढचं अक्षर उमटणार ती? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सेटिंगंही वेगळी. दुसरीसाठी ॲक्सेसिबिलिटीमध्येच टेक्स्ट कर्सर आहे. तिथे इंडिकेटर चालू केला की लुकलुकणाऱ्या रेघेच्या वर आणि खाली रंगीत टिकल्या दिसतात, त्यांचा रंग आणि आकार निवडता येतो. रेघेची जाडी वाढवायचीही पट्टी तिथेच आहे. देवनागरीत लिहिणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाच्या मशीनवर मी हे आधी चालू करतो. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार अशा गर्दीत बारीक रेघ शोधणं तरण्या डोळ्यांनाही जड जातं.

भिरंड:

घुमटाच्या क्लिकचं मी सांगते. कर्सरच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक बिंदू नोंदलेला असतो, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. चित्र कितीही मोठं असो, संगणकाच्या लेखी क्लिक होते ती त्या एका बिंदूवर. बाणात तो टोकावर असतो, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. तुमच्या घुमटात तो चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात राहिला असणार, आणि त्या कोपऱ्यात घुमटाचा भाग नाही, मोकळी जागा आहे. म्हणून वर डावीकडचं उघडतं. रिअलवर्ल्ड कर्सर एडिटर नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात फाइल उघडून बिंदू हवा तिथे ठेवता येतो.

पण खरं सांगू? घुमट नेम धरायला बरा नाही. त्याला टोकच नाही. तोंडावर बिंदू ठेवला तरी बाबांना दर वेळी अंदाज घ्यावा लागेल, आणि एवढं मडकं ओळीवर आलं की खालचा मजकूर झाकला जाणार. तो मुलगा नाराज होऊ नये म्हणून एक सुचवते. घुमट थांबा या खुणेच्या जागी लावा. तिथे क्लिक करायचीच नसते, नुसतं बघायचं असतं.

त्यासाठी सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, मग माउस, मग ॲडिशनल माउस सेटिंग्ज. पॉइंटर्स नावाच्या टॅबमध्ये पूर्ण यादी आहे. बिझी, म्हणजे थांबाची खूण, निवडा, ब्राउझ करून घुमटाची फाइल दाखवा, अप्लाय करा. क्रम मात्र सांभाळा: आधी कुळागर म्हणतात तसा रंग, मग घुमट. रंग बदलताना विंडोज पूर्ण संच नव्याने लिहितं, त्यामुळे नंतर कधी रंग बदललात तर घुमट पुन्हा बसवावा लागेल.

जुना बाण परत येतो त्याची दोन कारणं तपासा. फाइल पेन ड्राइव्हवर किंवा डाउनलोड्समध्ये आहे का? ती हलली की विंडोजला सापडत नाही आणि ते आपला नेहमीचा पॉइंटर दाखवतं. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या कर्सर्स फोल्डरमध्ये ठेवा, तिथे कुणी साफसफाई करत नाही. दुसरं, त्याच टॅबमध्ये खाली थीमला पॉइंटर बदलू देण्याची एक टिकमार्क असते, ती काढा. नाहीतर कुणी थीम बदलली की पॉइंटरही बदलतो. शेवटी सेव्ह ॲज करून संचाला नाव द्या, म्हणजे काही बिघडलं तर यादीतून परत निवडता येईल.

एक काळजीचं: तयार कर्सर देणाऱ्या साइटवरून इन्स्टॉल करायचा प्रोग्रॅम कधीही घेऊ नका. नुसती कर्सरची फाइल मिळत असेल तरच घ्या, आणि मशीनचे अपडेट बंद ठेवू नका. २००७ च्या एप्रिलमध्ये हलत्या कर्सरच्या फाइलमधून संगणकात शिरकाव होतोय म्हणून मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती काढावी लागली होती. ते छिद्र केव्हाच बुजलं, पण बाबांच्या मशीनवर ती वही आहे, म्हणून सांगते.

खाजन:

वरचं सगळं बरोबर. माझी भर थोडी. पॉइंटर हरवलाच तर शोधायची सोय करून ठेवा. ॲडिशनल माउस सेटिंग्जमध्येच पॉइंटर ऑप्शन्स टॅब आहे. तिथली शेवटची टिकमार्क लावली की कंट्रोल दाबल्यावर पॉइंटरभोवती वर्तुळं उमटतात. ती पुरेशी ठळक वाटली नाहीत तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज फुकट मिळतं. त्यात डावं कंट्रोल दोनदा दाबलं की सगळी स्क्रीन काळवंडते आणि पॉइंटरभोवती तेवढा उजेड राहतो. सत्तरी तालुक्यातल्या शाळेत प्रोजेक्टरवर शिकवताना मी त्यातलाच हायलायटर वापरतो, क्लिक केली की तिथे रंगीत ठिपका उमटतो, मागच्या बाकावरच्या मुलालाही कळतं मास्तर कुठे आहेत.

त्याच टॅबमध्ये पॉइंटरमागे शेपूट लावायची सोय आहे, ती मात्र लावू नका. मजकुरावर एकाच्या जागी पाच रेघा दिसतात.

उबुंटू कुणी वापरत असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली कर्सरचा आकार आहे. मॅकवाल्यांना मॉन्टेरी या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, पॉइंटरचा रंग बदलता येतो.

आणि ताई, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तरी बाबांना ओळी सरळ दिसतात ना, तेवढं विचारा. सरळ ओळ मध्येच वाकलेली किंवा तुटलेली दिसत असेल तर तो पॉइंटरचा प्रश्न नाही, डावा डोळा करायची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा.

ओसरी:

सगळं करून पाहिलं. डोळ्यांचं आधी सांगते, दोन्ही डोळे एकेक झाकून बघायला लावले, ओळी सरळच दिसतात. डाव्याने नुसतं धुकट.

आकार आधी मोठा ठेवला होता, तर बाणाखाली मात्रा झाकल्या जाऊ लागल्या. बाबांनी स्वतःच पट्टी मागे आणत ४ वर थांबवली. रंग गडद गुलाबी. पानावरची रेघ आता त्यांना लगेच दिसते. कुळागर, तुमचा प्रश्न विचारला तेव्हा कळलं की त्यांना जास्त त्रास लुकलुकणाऱ्या रेघेचाच होता, आम्ही सगळे बाणाच्या मागे लागलो होतो. तिच्या टिकल्या हिरव्या केल्या, म्हणजे माउसची रेघ गुलाबी आणि लिहायची जागा हिरवी. जोडाक्षराच्या मध्ये कुठे उभे आहोत हे वरच्या-खालच्या टिकल्यांमुळे समजतं, असं ते म्हणाले.

घुमट थांबा या खुणेवर बसला. शेजारच्या मुलाला ही जागा जास्त आवडली. फाइल पेन ड्राइव्हवरच होती, ती हलवली, आता संच टिकतोय. कंट्रोलची वर्तुळंही लावून ठेवलीत.

आणखी एक विचारायचंय. छापायच्या आधी शेवटचं वाचन देवळाच्या सभागृहातल्या मशीनवर होईल. तिथे विंडोज १० आहे आणि ॲक्सेसिबिलिटी नावाचं काही सापडत नाही. तिथे रंग मिळेल का?

सगळ्यांचं देव बरें करूं.

कुळागर:

मिळेल. विंडोज १० मध्ये त्याचं नाव ईझ ऑफ ॲक्सेस. त्यात माउस पॉइंटर आणि टेक्स्ट कर्सर अशा दोन वेगळ्या ओळी आहेत. पॉइंटरचा रंग २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आला, टिकल्या २०२० च्या मे अपडेटपासून. मशीन त्याहून जुन्या आवृत्तीवर अडकलं असेल तर आधी अपडेट करा. तेही जमलं नाही तर पॉइंटर्स टॅबमधल्या तयार संचांपैकी काळा, एक्स्ट्रा लार्ज निवडा, रंगाइतका उपयोग होणार नाही पण वाचनापुरता चालेल. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार (सपोर्ट) २०२५ च्या १४ ऑक्टोबरला संपला आहे, तेव्हा वहीची मूळ फाइल त्या मशीनवर ठेवू नका, वाचनापुरती प्रत न्या. तिथे मराठी फॉन्ट वेगळा असला तर ओळी सरकतील, म्हणून पीडीएफही बरोबर असू द्या.