“घाबरणाऱ्यांनी डोंगरावर घर घेऊच नये” या मताला उत्तर

तळओळ

परवा वसाहतीतल्या सर्वांना पाठवलेले एक टिपण वाचले. दोन दिवस गप्प राहून पाहिले, पण राहवले नाही. टिपणाचा आशय असा की, या पावसाळ्यात रात्रीच्या गस्तीने चार वेळा लोकांना घराबाहेर काढले, चारही वेळा काहीच घडले नाही, तेव्हा ही सक्तीची गस्त बंद करावी आणि ज्यांना पावसाची एवढी धास्ती वाटते त्यांनी मुळात डोंगरावर घर घेऊच नये. लिहिणारे सर्वांत वरच्या ओळीत राहतात आणि मी सर्वांत खालच्या. वादाचे निम्मे मूळ एवढ्यातच आहे, कारण त्यांच्या अंगणात पडलेला पाऊस तासाभरात माझ्या घरामागे येतो आणि माझ्या अंगणातला पाऊस त्यांच्याकडे कधीच जात नाही.

“काहीच घडले नाही” हे वाक्य मला विशेष टोचले. गेल्या पावसाळ्यात माझे मागचे दार चौकटीत अडकू लागले. लाकूड फुगले असेल म्हणून रंधा मारून घेतला. आठ दिवसांत दार पुन्हा अडकले, पण या वेळी ते वरच्या कोपऱ्यात घट्ट आणि खालच्या कोपऱ्यात सैल होते. फुगलेले लाकूड असे तिरके फुगत नाही. मागच्या फरशीवर संरक्षक भिंतीला समांतर गेलेली एक भेग होती. तिच्यात घराची किल्ली घालून पाहिली तर ती कडीपर्यंत आत गेली, आणि चार दिवसांनी कडीही गेली. हे मी प्रथम कोणाला दाखवले, तर गस्तीवरच्या दोन मुलांना, कारण रात्री अकरा वाजता माझ्या दारात दुसरे कोणी उभे नव्हते.

30 जुलै 2014 रोजी माळीण गाडले गेले, 151 माणसे गेली, आणि गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते तिथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री गेली आणि ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणून निश्चिंत झोपावे, ही सोयही आता उरलेली नाही. अशा वेळी शेजाऱ्याने दार ठोठावणे हा ज्यांना उपद्रव वाटतो, त्यांनीच आपण डोंगरावर का राहतो याचा विचार करावा.

माथ्यावरचा

माझ्या टिपणातले शेवटचे वाक्य उचलून त्याच्या आधीचा परिच्छेद गाळल्याबद्दल आभारी आहे. तो परिच्छेद माझ्या आईबद्दल होता. ऐंशी ओलांडलेल्या बाईला रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून खाली सभागृहात न्यायला गस्तीने भाग पाडले. दरड आली नाही, पण आईचा पाय घसरला आणि मनगट मोडले. पुढचे दीड महिने तिला वेणीदेखील स्वतः घालता आली नाही. तुमच्या भेगेत किल्ली किती गेली हे तुम्ही मोजले. माझ्या घरातला अपघात मात्र “काहीच घडले नाही” या सदरात जमा झाला, आणि तो कोणी मोजला नाही.

शिवाय माळीणची दरड सकाळी कोसळली, रात्री नव्हे. रात्रीच्या गस्तीचे समर्थन करताना तिचे उदाहरण द्यायचे असेल तर निदान वेळ पाहून द्यावे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ओसो इथे 22 मार्च 2014 रोजी 43 माणसे गेली, तीही सकाळीच. आधीचे कित्येक आठवडे पाऊस झाला होता आणि डोंगराने आपली वेळ स्वतः निवडली. हातात विजेरी घेऊन फिरणाऱ्या दोन मुलांना तो वेळ सांगून येईल, ही श्रद्धा आहे, सुरक्षा नव्हे.

पर्जन्यमापक

दोघांचेही अर्धे बरोबर आहे, असे म्हणालो तर दोघेही रागावतील, तरी म्हणतो. मी गच्चीवर पर्जन्यमापक ठेवतो आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करतो. गस्तीने घरे रिकामी करवली त्या चारपैकी तीन रात्री माझ्या नोंदीत 100 मिलिमीटरही भरलेले नाहीत. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, 115.6 च्या पुढे अतिमुसळधार आणि 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. पत्र्यावर आवाज मोठा झाला म्हणजे पाऊस मोठा, असे गस्तीवरच्या मुलांना वाटते; तो त्यांचा दोष नाही, त्यांना आकडा कोणी दिलेलाच नाही.

पण एका रात्रीचा आकडाही पुरेसा नाही. आधीच्या चार-पाच दिवसांत माती किती भिजली आहे, त्यावर शेवटच्या रात्रीचा पाऊस किती घातक ठरेल हे अवलंबून असते. हाँगकाँगमध्ये 18 जून 1972 या एकाच दिवशी दोन दरडींनी 138 माणसे घेतली. त्यानंतर 1977 मध्ये तिथे उतारांसाठी वेगळे कार्यालय उभे राहिले आणि पावसावरून दरडीचा इशारा देण्याची पद्धत सुरू झाली. माणसाने कापलेले वा बांधलेले सुमारे 60,000 उतार तिथे नोंदलेले आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे आणि कोणत्या उताराची देखभाल कोणाकडे हे ठरलेले आहे. आपल्याकडे एकच भिंत आहे आणि तिची देखभाल कोणाकडे हे तीन ओळींना मिळून सांगता येत नाही.

भिंतीवरून आठवले. खालच्या संरक्षक भिंतीला पाणी निघण्यासाठी 23 भोके ठेवलेली आहेत. सलग तीन दिवसांच्या पावसानंतर मी दिवसाउजेडी जाऊन पाहिले, तेव्हा त्यांतली फक्त नऊ गळत होती. उरलेल्यांपैकी सहांच्या तोंडाशी सिमेंट दिसते. ते आपोआप उगवलेले नाही.

माथ्यावरचा

आडून बोलण्याची गरज नाही. ती सहा भोके मी बुजवली. माझी मोटार उभी करायची जागा त्या भिंतीखाली आहे आणि त्या भोकांतून येणाऱ्या तांबड्या पाण्याने दर पावसाळ्यात तिचा रंग जातो. त्या वेळच्या कार्यकारिणीला तोंडी सांगून मी हे काम स्वखर्चाने केले. गस्तीचा विषय चालू असताना माझी मोटार मध्ये कशी आली, हे मला समजलेले नाही.

तळओळ

मी समजावून सांगते. तुमच्या मोटारीवर डाग पडू नयेत म्हणून जे पाणी तुम्ही भिंतीमागे कोंडले, तेच माझ्या फरशीखाली आले. माझ्या घरामागची भेग आणि तुमची सहा भोके यांच्यामध्ये पंधरा पावलांचे अंतर आहे, मी आत्ताच चालून आले. “घाबरणाऱ्यांनी डोंगरावर घर घेऊ नये” असे सांगणाऱ्याने आधी स्वतः काय बुजवले ते सांगायला हवे होते. तोंडी परवानगी! भिंतीलाही तोंडी सांगितले होते का, की बाई, यंदा पाणी जरा धरून ठेव?

गवंडीकाम

माझे आयुष्य भिंती बांधण्यात गेले, म्हणून थोडे लिहितो. भिंत मातीच्या वजनाला उभी करतात. कोंडलेल्या पाण्याचा दाब धरून ती बहुधा बांधलेली नसते, कारण पाणी निघून जाईल असे गृहीत असते आणि भोके त्यासाठीच असतात. भिंतीमागे पाणी तुंबले तर ते जितके मीटर उंच, तितका टन दाब तळाशी दर चौरस मीटरवर पडतो. आपली भिंत चार मीटरची आहे, म्हणजे पाणी माथ्यापर्यंत चढले तर तळाशी दर चौरस मीटरला चार टन, आणि हा दाब मातीच्या रेट्याशिवाय वेगळा. सहा भोके बुजवणे ही किरकोळ बाब नाही आणि तोंडी परवानगीने ती किरकोळ होत नाही. वेल्समधल्या अॅबरफॅन इथे खाणीतल्या मातीचा ढीग डोंगरावरच्या झऱ्यावर रचला होता; 21 ऑक्टोबर 1966 रोजी तो शाळेवर आला आणि 144 जण गेले, त्यांत 116 मुले होती. त्या ढिगातल्या पाण्यालाही वाट नव्हती.

आता दुसरी बाजू. तळओळ बाई, तीन वर्षांपूर्वी तुम्ही मागे कपडे धुण्याची जागा वाढवली तेव्हा भिंतीच्या पायथ्याचा मुरूम हातभर आत कापलात. मी तेव्हाच म्हणालो होतो की उताराचा पायथा म्हणजे दाराखालचा उंबरा नव्हे, हवा तसा तासायला. वरचा सगळा भार त्याच्यावर टेकलेला असतो. तुम्ही मला “काळजी करू नका, थोडेसेच आहे” असे उत्तर दिलेत. दाराचे दुखणे एकट्या सहा भोकांचे नाही.

तळओळ

हातभर नाही, वीतभर. पण कापला हे खरे. यापुढे मी त्याबद्दल वाद घालणार नाही, आणि माथ्यावरच्यांनी ते वाक्य कापून चौकटीत लावू नये, एवढी अपेक्षा आहे.

भाडेकरू

मालक लोक आपसात हिशेब करत आहेत, तोवर माझाही एक मांडतो. गस्तीची पाळी वाटताना भाड्याने राहणाऱ्यांची नावे सर्वांत आधी येतात. जून ते सप्टेंबर माझ्या वाट्याला अकरा रात्री आल्या. सभेत मात्र आम्हाला मत नाही, कारण आम्ही “आज आहोत, उद्या नाही”. तुमच्या आईला पायऱ्या उतरवणाऱ्या दोघांपैकी एक मी होतो. वीज गेलेली, विजेरी अर्धवट, शेवाळ काढलेले नाही आणि त्यांना हाताला धरण्याखेरीज दुसरी सोय नाही, अशा स्थितीत एका अनोळखी म्हाताऱ्या बाईला घेऊन खाली या, असा निरोप कार्यकारिणीकडून फोनवर आला. निर्णय त्यांचा होता, हात माझा होता, आणि नंतर शेरे माझ्यावर आले.

आणखी एक. सात घरे वर्षाचे दहा महिने बंद असतात. त्यांच्या गच्चीचे नळ थेट उतारावर सोडलेले आहेत, मालक दूर राहतात आणि “आम्ही तिथे राहतच नाही” म्हणून गस्तीतून सूट घेतात. त्यांचे पाणी मात्र इथेच राहते. या सात घरांबद्दल आजवर एकानेही लिहिलेले नाही, कारण मालक मालकाबद्दल लिहीत नाही.

माथ्यावरचा

आईच्या प्रसंगी तुम्ही होतात हे मला ठाऊक नव्हते. तिने “एका मुलाने माझा भार घेतला, नाहीतर कंबर मोडली असती” असे सांगितले होते. ते मी टिपणात लिहिले नाही, कारण माझ्या मुद्द्याला ते सोयीचे नव्हते. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

भोकांबद्दल म्हणायचे तर, गवंडीकामांनी चार टनांचा हिशेब मांडल्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी मी स्वतः पहार घेऊन ती उघडीन. मोटारीवर डाग पडले तर तळओळ बाईंनी पुसायला यावे, कपडे धुण्याची जागा त्यांच्याकडे प्रशस्त आहेच. गस्तीबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांना हलवायचे असेल तर उजेड असताना हलवा, पाऊस पाच दिवसांच्या बेरजेवर मोजा आणि पायऱ्या घासून घ्या. मध्यरात्री दार ठोठावणे म्हणजे दिवसा करायचे काम राहून गेल्याची कबुली आहे.

गवंडीकाम

पहार मारून मोकळे होऊ नका. भोकामागे खडीचा थर असेल तर नुसते पाणी येईल. नसेल तर पाण्याबरोबर माती येईल आणि भिंतीमागे पोकळी होईल. एकेक भोक उघडा, त्यात जाळी लावलेली नळी बसवा आणि येणारे पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. नवीन भोक पाडू नका.

पर्जन्यमापक

रविवारची नोंद. सहापैकी पाच भोके उघडली, सहाव्यात पहार अडकली. चार कोरडी निघाली. कपडे धुण्याच्या जागेच्या बरोबर वर असलेल्या पाचव्यातून पाणी करंगळीएवढ्या धारेने सुरू झाले. शेवटचा पाऊस गुरुवारी पडला होता आणि ही धार आज, बुधवारी, अजून चालू आहे. तळओळ बाईंचे दार पूर्वीइतकेच अडकते आहे.

गवंडीकाम

बाटलीचे लिहिले नाही.

माथ्यावरचा

बाटली माझ्याकडे आहे. वरचे पाणी नितळ दिसते, तळाशी दोन बोटे लाल माती बसली आहे. वरच्या ओळीतले आमचे चार जण सभागृहाची किल्ली घेऊन पायऱ्या घासत आहेत. तळओळ बाईंनी सामान अंधार पडण्याआधी हलवावे, आणि भाडेकरूंनी आज पाळीवर येऊ नये. आज मी आहे.