मदत हवी आहे: प्रवासाचं क्रेडिट कार्ड ठेवू की बंद करू? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

निळी छत्री
वेळ कमी आहे म्हणून थेट विचारते. माझ्याकडे प्रवासाचं क्रेडिट कार्ड आहे. सगळ्यात महागडं नाही, फुकटचंही नाही, मधलं. दुसऱ्या वर्षाची फी परवाच्या बिलात लागून आलीये. विमानतळावरचं लाउंज वापरता येतं, पॉइंट मिळतात, परदेशातल्या खर्चावर जादा आकार नाही. नवरा म्हणतो बंद कर, ऑफिसातली मैत्रीण म्हणते असं कार्ड कुणी सोडतं का. शुक्रवार ही बिलाची शेवटची तारीख. "तुमच्या गरजेवर अवलंबून आहे" असं कृपया लिहू नका. ठेवू की नको, एवढंच सांगा.

विंडो सीट
ठेवा. मी याच प्रकारातलं कार्ड सहा वर्षं वापरतोय. पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात ट्रान्स्फर केले की एका तिकिटात फी वसूल होते.

हिशोबनीस
एवढ्या माहितीवर "ठेवा" कसं सांगतोस? ताई, फी किती आहे? वर्षाला कार्डावर खर्च किती होतो, त्यात प्रवासाचा किती, परदेशातला किती? पॉइंट किती साठलेत? यातलं काहीच लिहिलेलं नाहीये तुम्ही.

निळी छत्री
प्रवास करतोच की, म्हणून तर हे कार्ड घेतलं. आणि रकमा मला इथे चारचौघांत लिहायच्या नाहीत.

हिशोबनीस
रकमा नकोच. फीला १०० धरा आणि बाकी सगळं त्या मापात सांगा. फीच्या पाचपट असेल तर ५००. कोणत्या चलनात आहे याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.

तळटीप
परदेशात कार्ड वापरणाऱ्या सगळ्यांसाठी महत्त्वाचं. दुकानातलं मशीन विचारतं, पैसे तिथल्या चलनात घेऊ की तुमच्या घरच्या चलनात? घरच्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो आणि आपण पटकन तेच बटण दाबतो. तसं केलं की विनिमयाचा दर तुमची कार्ड कंपनी किंवा बँक ठरवत नाही, दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि त्यात स्वतःचा नफा घालते. तुमच्या कार्डावर जादा आकार शून्य असला तरी तो फायदा तिथेच संपतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो. दर वेळी तिथलंच चलन निवडा. पावती हातात आली आणि त्यावर दोन चलनं छापलेली दिसली, तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. मी दोनदा सांगितलंय, दोन्ही वेळा केलं त्यांनी.

निळी छत्री
तळटीप, धन्यवाद, पण हे मी विचारलं नव्हतं.
हिशोबनीस, जेवणं उरकून वर्षाची बारा स्टेटमेंटं घेऊन बसले होते. फी १००. वर्षाचा एकूण खर्च ६,०००. त्यात विमान आणि हॉटेल मिळून १,०००. परदेशात झालेला खर्च ८००. लाउंजमध्ये चार वेळा गेले. पॉइंट ३०,००० आहेत, ते स्टेटमेंटमध्ये वळते केले तर बिलातून १०० कमी होतात. फी भरली की आणखी १२,००० पॉइंट येतात. घरात एक बिनफीचं कार्डही पडून आहे, ते सगळ्यावर सरसकट १ टक्का परत देतं.

हिशोबनीस
आता बोलता येईल. म्हणजे ३०० पॉइंटांना १. तुमच्या कार्डाचं पत्रक बघून त्या भावाने काढा, बहुतेक प्रवासावर ३ टक्के आणि बाकी खर्चावर १ टक्का पडेल. १,००० वर ३०, उरलेल्या ५,००० वर ५०. झाले ८०. पण हे ८० सगळे या कार्डाची कमाई नाहीत, कारण बिनफीच्या कार्डाने त्याच ६,००० वर ६० दिलेच असते. फीच्या समोर मांडायचे ते फक्त वरचे २०.

परदेशातले ८००: बिनफीचं कार्ड तिथे किती जादा आकार लावतं? बऱ्याच कार्डांवर ३ टक्क्यांच्या आसपास असतो. तेवढा धरला तर २४ वाचले. एकूण ४४.

लाउंजचा आकडा तुम्हीच सांगा, पण प्रामाणिकपणे. लाउंजच्या दारावर लिहिलेला दर धरायचा नाही. लाउंज नसतं तर विमानतळावर खिशातून खरोखर किती गेले असते, तेवढेच.

निळी छत्री
एक कॉफी आणि काहीतरी खायला. प्रत्येक वेळचे ६ धरा. आणि तुमचा टक्क्यांचा अंदाज बरोबर आहे, पत्रक बघितलं. बिनफीच्या कार्डाचा परदेशी आकारही ३ टक्केच आहे.

हिशोबनीस
मग २४. एकूण ६८. नूतनीकरणाचे १२,००० पॉइंट म्हणजे ४०. बेरीज १०८. फी १००. काठावर आहात.

विंडो सीट
हा सगळा हिशोब पॉइंटच्या सगळ्यात पडेल भावाने केलाय! स्टेटमेंटमध्ये पॉइंट वळते करणं म्हणजे ते फुंकून टाकणं. मागच्या वर्षी मी ३०,००० पॉइंट ट्रान्स्फर करून तिकीट काढलं. ताईंच्या मापात सांगतो: रोखीने ते तिकीट ३०० ला होतं. पॉइंटने काढताना कर आणि इंधन अधिभार मिळून ९० भरावे लागले. सुटले २१०. म्हणजे दुपटीहून जास्त भाव. ताईंचे ८० झाले १६८. त्यातून बिनफीचे ६० वजा केले तरी १०८ उरतात. फी तिथेच निघाली, लाउंज आणि बाकीचं सगळं वर.

हिशोबनीस
ते तिकीट तू ३०० रोख मोजून घेतलं असतंस का, त्याच तारखेला? नसतंस घेतलं तर २१० "सुटले" म्हणता येत नाही. ताई, तुम्ही जाता कधी?

निळी छत्री
मुलांच्या शाळेच्या सुट्टीत. दुसरं कधी जाणार?

हिशोबनीस
झालं. सुट्टीच्या आठवड्यात पॉइंटवरच्या जागा आधीच थोड्या सुटतात, त्यातून एका विमानात चार शेजारी शेजारी मिळणं अवघडच.

विंडो सीट
अकरा महिने आधी बघितलं तर मिळतात. मी मिळवल्यात. ताई, एक नियम मात्र पाळा: आधी जागा दिसली पाहिजे, मगच ट्रान्स्फर. एकदा पॉइंट विमान कंपनीकडे गेले की बँकेकडे परत येत नाहीत.

जुनी डायरी
पॉइंट साठवून ठेवण्याचाच मला धसका बसलाय. विमान कंपन्यांच्या आजच्यासारख्या मैलांच्या योजना अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये सुरू केल्या, तेव्हा किती मैलांना कोणतं तिकीट याचा छापील तक्ता असायचा. डेल्टाने तो २०१५ मध्ये काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये. तक्ता गेला की ज्या दिवशी शोधाल त्या दिवशीचा भाव. आज ३०,००० ला मिळणारं तिकीट पुढच्या वर्षी तेवढ्यालाच मिळेल असं कुणी लिहून देत नाही. पैसे साठवले तर निदान व्याज मिळतं.

पाऊलवाट
कार्डाच्या प्रवास विम्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? त्यावर विसंबून मी एकदा फसलेय. बॅग दोन दिवस उशिरा आली. औषधं, मुलाचे कपडे, सगळं तिथे नव्याने घ्यावं लागलं. पावत्या जपून ठेवल्या, विमानतळावर बॅग न आल्याची लेखी नोंदही (पीआयआर) केली होती. दावा नाकारला, कारण तिकीट दुसऱ्या कार्डावर काढलेलं होतं. अट पत्रकात चौथ्या पानावर होती. तिकीट त्याच कार्डावर काढलं तरच विमा लागू. पॉइंटवर काढलेल्या तिकिटाला लागू आहे का, हेही आधी लेखी विचारून घ्या.

तळटीप
पाऊलवाट, वाईट वाटलं वाचून. त्यावरून आठवलं, छत्रीताई, विमानाची तिकिटं तुम्ही काढता कुठून?

निळी छत्री
आमच्या नेहमीच्या एजंटकडून. दुकानात जाऊन कार्ड देते. वर्षानुवर्षं तेच आहेत, सासूबाईंची व्हीलचेअरसुद्धा तेच सांगून ठेवतात. का?

तळटीप
कारण प्रवासाचे तिप्पट पॉइंट बँक तुमच्या तिकिटाकडे बघून देत नाही. दुकानाच्या मशीनमागे चार आकडी कोड असतो, त्याकडे बघून देते. विमान कंपनीचा सर्वसाधारण कोड ४५११, ट्रॅव्हल एजंटचा ४७२२. काही बँका ४७२२ ला प्रवास मानतात, काही मानत नाहीत. आणि एजंटचं मशीन भलत्याच धंद्याच्या नावावर नोंदलेलं असेल तर प्रश्नच मिटला. स्टेटमेंटमध्ये त्या व्यवहारांसमोर किती पॉइंट पडलेत ते बघा.

निळी छत्री
बघितलं. हॉटेलांवर तिप्पट आहेत. एजंटकडच्या दोन्ही वेळच्या तिकिटांवर साधेच पडलेत. ती दोन्ही मिळून ६००. वर्षभर माझ्या लक्षातच आलं नाही हे.

हिशोबनीस
६०० वर २ टक्के कमी, म्हणजे १२ गेले. १०८ चे ९६. आता फी निघत नाही.

विंडो सीट
अरे, एजंट बदलला की झालं!

निळी छत्री
एजंट बदलणार नाही. सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण आहेत. मागच्या खेपेला विमान रद्द झालं तेव्हा रात्री अकराला त्यांनी फोन उचलला होता.

जुनी डायरी
अगदी बरोबर केलंत. अवांतर होईल, पण हे पॉइंट येतात कुठून ते लोकांना माहीत असावं. दुकानदार प्रत्येक व्यवहारावर जी रक्कम सोडतो, तिच्यातून बँकेला वाटा मिळतो आणि त्या वाट्यातले थोडे आपल्याला देतात. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरचा तो वाटा ०.३ टक्क्यांवर बांधून टाकला. तेवढ्यात १ टक्का परत कुठून देणार?

विंडो सीट
तरी तिथेही लोक पॉइंट कमावतातच.

जुनी डायरी
कमावतात, पण फी भरून आणि कमी. मुद्दा तोच आहे.

मध्यरात्र
धागा भरकटला. मला एकच विचारायचंय. छत्रीताई, शुक्रवारी बिल पूर्ण भरणार आहात ना?

निळी छत्री
पूर्ण नाही. घराच्या दुरुस्तीचा खर्च निघाला, त्यामुळे तीन महिने किमान रक्कम भरतेय. पण ती वेळेवर भरते, एकही दिवस चुकवलेला नाही. त्याचा इथे काय संबंध?

मध्यरात्र
सगळा संबंध तिथेच आहे. शिल्लक किती आणि स्टेटमेंटवर व्याजाचा मासिक दर काय छापलाय?

निळी छत्री
फी सोडून ७००. दर ३ टक्के.

मध्यरात्र
ताई, महिन्याला २१ जातात. पाच महिन्यांत १०५, म्हणजे फीपेक्षा जास्त. ३ टक्के वाचायला लहान वाटतं, पण महिन्यागणिक चढत गेलं की वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. आणि किमान रक्कम भरून विलंब शुल्क तेवढं टळतं, व्याज थांबत नाही. मागची बाकी असताना बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. आज दूध-भाजी घेऊन कार्ड पुढे केलंत तर त्यावर आजपासून व्याज. १ टक्का पॉइंट मिळवायला ३ टक्के देताय. हे मी नऊ महिने केलंय, म्हणून रात्री जागून लिहितोय.

हिशोबनीस
हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं. माझे वरचे सगळे आकडे बिल पूर्ण भरणाऱ्याचे आहेत. ते बाजूला ठेवा.

विंडो सीट
मीही धरूनच चाललो होतो. मी "ठेवा" म्हटलं ते मागे घेतो. बाकी शिल्लक असेपर्यंत नाही.

निळी छत्री
स्टेटमेंटं पुन्हा काढली. व्याजाची ओळ शेवटच्या पानावर आहे. मी पहिल्या पानावरची किमान रक्कम बघून भरत होते. मग उद्या फोन करून कार्ड बंदच करते.

मध्यरात्र
थांबा, घाईने बंद करू नका. बाकी असताना बँक बंद करणार नाही आणि बंद झालं की न वापरलेले पॉइंट बहुतेक ठिकाणी जातात. फोनवर आधी विचारा, याच बँकेच्या बिनफीच्या कार्डात बदलून मिळेल का, पॉइंट टिकतील का आणि लागलेली फी उलटवतील का. तिन्ही उत्तरं ईमेलवर मागून घ्या. आणि पैसे जमवा. कुठे कमी व्याजाची ठेव पडून असेल तर मोडा.

विंडो सीट
पॉइंटचं काय करणार? मला खरंच वाटतं, ते जपून ठेवावेत.

मध्यरात्र
३ टक्क्यांनी बाकी चढत असताना नाही. वळते करून घ्या. फक्त एक, वळते केलेले पॉइंट बऱ्याच बँका किमान रकमेत धरत नाहीत. शुक्रवारी ती वेगळी भराच.

निळी छत्री
फोन झाला. चाळीस मिनिटं लागली, दोनदा दुसऱ्या माणसाकडे दिलं. बिनफीच्या कार्डात बदलतील, पॉइंट तसेच राहतील, फी उलटवली. ईमेल आला. ३०,००० पॉइंट वळते केले, १०० कमी झाले. किमान रक्कम आज भरली. उरलेल्यासाठी मुदत ठेव मोडतोय, पैसे सोमवारी येतील. नवऱ्याला सगळं दाखवलं, त्यालाही व्याजाचं माहीत नव्हतं.

मध्यरात्र
छान केलंत. पुढच्या बिलात थोडं व्याज येईल, बिलाच्या तारखेपासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं. बघून दचकू नका, पण तेही पूर्ण भरा. आणि पूर्ण बिलाचं ऑटोपे लावा, किमान रकमेचं नको. तिथे दोन्ही पर्याय एकाखाली एक असतात.

निळी छत्री
दोन महिन्यांनी लिहितेय, राहून गेलं होतं. त्या बिलात १४ व्याज आलं, ते भरलं. काल दुसरं बिल आलं. सरळ शेवटचं पान उघडलं. व्याजाच्या ओळीपुढे शून्य आहे.