हॉटेलात गाणी मोबाइलवरून नकोत. रीतसर लावा, नाहीतर बंद ठेवा

फोंडेकर
गोव्यातल्या कुठल्याही लहान बार अँड रेस्टॉरंटमध्ये बसा. गाणी येतात गल्ल्यावरच्या पोराच्या मोबाइलवरून, स्पीकर फ्रिजच्या डोक्यावर. फोन आला की गाणं थांबतं, मध्येच कर्जाची जाहिरात लागते. जाहिराती नसतील तिथे मालक म्हणतो, "प्रीमियम घेतलंय ना!" अहो, स्पॉटिफाय काय आणि यूट्यूब काय, दोघांच्याही अटींत वापर वैयक्तिक असावा, धंद्यासाठी नाही, असं लिहिलेलं आहे.

धंद्यासाठी वेगळी सेवा असते. काउंटरखाली एक छोटा डबा बसतो, गाणी त्यातच उतरवून ठेवलेली असतात, त्यामुळे नेट गेलं तरी चालू राहतात. सकाळच्या भाजी-पावाला एक यादी, रात्री दुसरी. हा धंदा जुना आहे. अमेरिकेत म्युझॅक नावाची कंपनी 1930च्या दशकापासून तारेवरून दुकाना-हॉटेलांत संगीत पोचवत होती. नंतर एफएमची उपवाहिनी आली (त्याच लहरीवरून जाणारी, पण साध्या रेडिओवर ऐकू न येणारी), मग उपग्रह, आता इंटरनेट. आपल्याकडे बेंगळुरूची रेडिओवाला दुकानांसाठी खास वाहिन्या चालवते.

बर्फाचे पैसे देता, गॅसचे देता, तसे गाण्याचेही द्या. परवडत नसेल तर पंख्याचा आवाज पुरे.

कळंगुट_शॅक
फोंडेकरबाब, डब्याचे पैसे वेगळे आणि गाण्याच्या हक्काचे वेगळे, हे तुम्ही गाळलंत. ते गोळा करणाऱ्या संस्थाही निरनिराळ्या: शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस, रेकॉर्डिंगसाठी पीपीएल, काही लेबलांसाठी नोव्हेक्स. तीन दारं! बरं, पैसे घ्यायचा अधिकार कोणाचा यावर कोर्टांचंच एकमत नाही. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, पीपीएल आणि नोव्हेक्स हक्कांचे मालक आहेत, नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी नसल्या तरी परवाने देऊ शकतात. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नेमकं उलटं सांगितलं, आणि त्यातल्या, पैसे कोणत्या दराने द्यायचे या निर्देशाला सुप्रीम कोर्टाने आठवडाभरात स्थगिती दिली. आमच्यासारख्याने चेक कोणाच्या नावाने फाडायचा ते सांगा.

फोंडेकर
आपण गोव्यात, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्याच हद्दीत, तेव्हा मुंबईचा निकाल आपल्याला लागू. आणि गोंधळ आहे म्हणून फुकट, हे पटत नाही. लग्नांचं काय झालं आठवतं ना? जानेवारी 2024 मध्ये गोवा सरकारने लग्नसोहळ्यांतल्या गाण्यांना परवानगी लागत नाही असं परिपत्रक काढलं, ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. लग्नाला कायद्यातच थोडी सूट आहे, तरी ही गत. तुमच्या किंगफिशला तर काहीच सूट नाही.

डिचोली_साउंड
भांडण डब्यावरून चाललंय, पण आवाज बिघडतो तो स्पीकरमुळे. एकच मोठा स्पीकर फ्रिजवर ठेवला की जवळचं टेबल ओरडून बोलतं आणि लांबच्याला काही ऐकू येत नाही. मग मालक आवाज वाढवतो, शेजारी पोलिसांना फोन करतो. रात्री दहानंतर उघड्यावर तर लावताच येत नाही.

100 व्होल्ट लाइन टाका. एका ॲम्प्लिफायरमधून एकच वायर छतावरून फिरते, प्रत्येक छोट्या स्पीकरला आपला ट्रान्सफॉर्मर. एकाला दोन वॅट, दुसऱ्याला पाच, फॅमिली रूमला वेगळा नॉब. वायर लांबली तरी आवाज फारसा पडत नाही. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांनी एवढंच करावं, वायरच्या जोडण्या पेटीत बंद ठेवाव्यात. दर्यावरचं खारं वारं तांबं खातं. ही लाइन झाली की पुढे फोन लावा नाहीतर डबा, तुमची मर्जी.

म्हापसा_शुक्रवार
मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. जेवताना गाणी हवीतच कशाला? बाजाराच्या दिवशी फिश थाळी खायला बसतो, तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकणं हाच अर्धा आनंद.

कळंगुट_शॅक
थाळीवाल्याला नको असतील, मला हवीत. मिलिमन नावाच्या अमेरिकन संशोधकाचा 1986 चा प्रयोग आहे: संथ संगीतावर गिऱ्हाईक सरासरी 56 मिनिटं बसलं, वेगवान संगीतावर 45, आणि संथ असताना दारूचं बिल वाढलं. थाळीवाल्याला दुपारी एक वाजता टेबल रिकामं हवं असतं. माझा माणूस सूर्य बुडेपर्यंत उठू नये.

फोंडेकर
म्हणजे गाण्यावर कमावता! मग गाणाऱ्याला द्यायला काय होतं?

मंगेशीची_सून
पैशांचं तुम्ही बघा. माझी तक्रार यादीबद्दल. पणजीत फॉन्तेन्हासमध्ये बसलं तरी तेच बेचव लाउंज, कुठल्याही विमानतळावर वाजतं तसलं. यादी बाहेर कुठेतरी बनते, तिला पणजी आणि पुणे सारखंच. आपली कोकणी गायिका लॉर्ना लावा, गोव्याची जुनी मांडो गाणी लावा, आमच्या गावचे अभिषेकीबुवा लावा.

पेटीमास्तर
बाय, लॉर्ना ठीक. बुवांना सोडा! आलाप चाललाय आणि वेटर विचारतोय, "सोलकढी आणू?" मी तरी उठून जाईन. पार्श्वसंगीत असं हवं की त्याच्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये. आणि ज्याच्याकडे लक्ष जावं ते तिथे लावू नये.

आणखी एक, "लाइव्ह म्युझिक"च्या पाटीवाल्यांसाठी. गायक नुसत्या गिटारवर गात असेल तर रेकॉर्डिंगच्या परवान्याचा प्रश्न नाही, शब्द-चालीचा तेवढा उरतो. पण आपल्याकडचे बरेचसे मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेलं नुसतं वाद्यसंगीत, लावून गातात. तो ट्रॅक रेकॉर्डिंगच.

कळंगुट_शॅक
हे माहीत नव्हतं, आमचा शनिवारचा गायक तोच करतो. ऑक्टोबरात शॅक उभारताना 100 व्होल्टची वायर ओढतो. डबा मात्र एजंटाने "परवान्यासकट" असं लेखी दिलं तरच.

फोंडेकर
नुसतं "परवान्यासकट" नको. कोणत्या संस्थेचा, कुठल्या लेबलांचा आणि कधीपर्यंत, तेही लिहून घ्या.

म्हापसा_शुक्रवार
आणि शेजारचा शॅक गाणी लावत नसेल तर त्याचं नाव कळवा.