नॅनोट्यूबच्या पट्टीचं रीडिंग परत शून्यावर येत नाहीये

पंचवटीकर: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, सिलिकॉन रबरात कार्बन नॅनोट्यूब (वीज वाहणाऱ्या कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळून पट्टी ओतली आणि आजीच्या नी-कॅपवर शिवली, गुडघा किती वाकतो ते मोजायला. वाकवला की रेझिस्टन्स वाढतो, मस्त. पण पाय सरळ केला तरी आकडा मधेच लटकतो, आणि आजी रामकुंडाच्या पायऱ्या चढून आली की बेसलाइनच (पाय सरळ असतानाचा मूळ आकडा) बदललेली. कोड चुकतोय का?

सातपूरचा_फिटर: कोडला शिव्या देऊ नकोस 😄 ट्यूब एकमेकींना टेकून करंटचा रस्ता बनवतात, ताणलं की त्या जागा सुटतात म्हणून रेझिस्टन्स वाढतो, पण रबर सोडल्यावर लगेच आखडत नाही आणि ट्यूबही पहिल्या जागी तंतोतंत बसत नाहीत. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात. शिवायच्या आधी पट्टी दोन-तीनशे वेळा ताणून घे, बरीच स्थिरावेल.

पंचवटीकर: मग साधा फॉइल स्ट्रेन गेज (ताण मोजायची धातूच्या पातळ पत्र्याची पट्टी) लावू का?

सातपूरचा_फिटर: तो दोन-चार टक्क्यांच्या ताणातच जातो रे, गुडघ्यावरची कातडी त्याच्या कितीतरी पट ताणते.

मिसळ_आणि_मल्टिमीटर: वायर कशी जोडलीयेस? माझी वायर चिकटवायची सिल्व्हर पेस्ट (वीज वाहणारी चांदीची पेस्ट) तडकली होती आणि मी दोन आठवडे सेन्सरला दोष देत बसलो. कंडक्टिव्ह धागा ओततानाच आत घाल. घाम, तापमान यानेही रीडिंग हलतं, वरून साध्या सिलिकॉनचा थर दे. आणि नॅनोट्यूबची कोरडी पावडर हाताळताना साधा रुमाल नको, चांगला मास्क लाव.

पंचवटीकर: पेस्टच तडकलीये, आत्ता भिंगातून बघितली 🤦