प्रतिसाद: एकच इस्ट्रोजेन, दोन उलट हुकूम

वर एकांनी लिहिलंय की इस्ट्रोजेन थेट जीएनआरएच चेतापेशींवर (प्रजनन-संप्रेरकांना चालना देणाऱ्या मेंदूतल्या पेशींवर) काम करतं. इथे थोडी भर घालतो. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या या हजार-दोन हजार पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा मुख्य ग्राही (संप्रेरकाचा निरोप पकडणारं प्रथिन), अल्फा, जवळपास नसतोच. मग निरोप पोचतो कसा? मधल्या किसपेप्टिन पेशींमार्फत, म्हणजे किसपेप्टिन हे निरोप्या रसायन सोडणाऱ्या चेतापेशींमार्फत. त्यांच्यात हा ग्राही भरपूर असतो. 2003 साली दोन संशोधक गटांनी दाखवलं की किसपेप्टिनचा ग्राही बिघडलेल्या माणसांत वयात येणंच अडतं. तेव्हापासून हे चित्र पार बदललं.

एकच संप्रेरक एरवी एलएच (बीजकोशातून अंडं सुटायला लावणारं संप्रेरक) दाबतं आणि पाळीचक्राच्या मध्यावर उसळवतं, ते कसं? उंदरांत उत्तर स्वच्छ आहे: हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट केंद्रक या भागातल्या किसपेप्टिन पेशींना इस्ट्रोजेन आवरतं, पुढच्या भागातल्यांना चेतवतं. माणसात मात्र ही विभागणी इतकी सरळ नाही. तिथे एलएच उसळायला इस्ट्रोजेनची पातळी साधारण दोन दिवस चढी राहावी लागते.

आणि रजोनिवृत्तीबद्दल ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: इस्ट्रोजेन घटलं की आर्क्युएटमधल्या याच पेशी बेलगाम होतात, त्यांनी सोडलेलं न्यूरोकायनिन बी हे रसायन शेजारच्या तापमान-नियंत्रणाला ढवळतं. अंगातून वाफा येतात त्या यामुळे. बायकांच्या मनाचे खेळ म्हणून ही तक्रार उडवून लावणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. न्यूरोकायनिनचा ग्राही अडवणारं फेझोलिनेटंट हे या वाफांवरचं औषध अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालं, तेही याच शोधाच्या जोरावर.